जुन्या अॅम्बॅसडरचे तेल गळते कुठून?



उसाच्या सरीत नको तिथे ओल दिसली म्हणजे पाट तिथेच फुटला, असे आपण धरत नाही. कडेकडेने वर चालत जातो आणि खेकड्याचे बीळ दहा सरी वर सापडते. इंजिनाच्या तेलाचेही तसेच आहे.

अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी काही घरी जुनी पेट्रोल गाडी अजून दारात उभी आहे. खाली तेलाचा डाग दिसला की "इंजिन उतरवावं लागेल" हे ऐकायला मिळते आणि उसाच्या बिलातले पैसे तिकडे वळतात. तेवढ्यासाठी आधी घरीच काय पाहावे, ते आम्ही येथे देत आहोत.

आधी धुवा, मग पाहा. तेल खाली ओघळते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जाते. म्हणून इंजिन थंड असताना डिझेल व ब्रशने मळ काढा, कोरडे पुसा आणि डिझेल पूर्ण सुकू द्या. काडीवर तेल किती ते पाहून पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा. इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात पाहा. सर्वांत वरची ओली जागा, तीच चोराची वाट.

वरून खाली या.

१) वरचे टॅपेट कव्हर : याला कॉर्कचे पॅकिंग असते. गळते म्हणून नट आवळत गेलो तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते. पॅकिंग बदला, नट बेताने आवळा.

२) बाजूची दोन कव्हरे : ही मॅनिफोल्डखाली लपलेली असल्याने नजरेतून सुटतात. तेल तापलेल्या सायलेन्सर पाइपवर पडून जळका वास येत असेल तर हे काम लांबवू नका. आगीचा धोका असतो.

३) पुढची पुली : पुलीमागचे सील गेले की तेल गोल उडते, पट्टाही तेलकट होतो.

४) मागे क्लच हाउसिंगच्या तळाचे भोक : खरा घोटाळा इथे होतो. या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. तिथे कोरलेले आटे तेल परत आत ढकलतात. त्यामुळे थोडी ओल राहणारच. मात्र क्लच घसरू लागला तर तेल प्लेटवर गेले असावे. मग गिअरबॉक्स काढण्यावाचून गत्यंतर नाही.

इंजिनाला श्वास घेता येतो का? पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली उतरतोच. तो बाहेर जायची ब्रीदर नळी मळाने तुंबली, तर आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर काढतो. नवे पॅकिंगही मग टिकत नाही. म्हणून नळी आधी साफ करा. त्यानंतर इंजिन सावकाश चालू ठेवून तेलाचे झाकण जपून उघडा. धुराचे जोरदार झोत आले तर रिंगा झिजल्या असण्याची शंका घ्या. नुसती सीलं बदलून भागणार नाही.

तोवर काडी रोज पाहा. तेल खालच्या खुणेखाली गेले तर गाडी काढू नका. ऑइलचा दिवा चालताना लागला तर जागीच इंजिन बंद करा.

आणि मिस्त्रीकडे गेल्यावर "तेल गळतंय" एवढ्यावर थांबू नका. "धुऊन पाहिलं, नळी साफ केली, तरी मागचं बाजूचं कव्हर ओलं होतंय," असं सांगा. काम नेमकं होतं आणि बिलही नेमकं येतं.