हंड्याचं वजन

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. २२ मार्चच्या जलदिनाला प्रभातफेरी काढायची म्हणून तू माझ्याकडे चार घोषवाक्यं मागितली आहेस. ती मी पाठवत नाही. का पाठवत नाही ते आधी सांगते.

शिक्षिकेच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशीच फेरी काढली होती. चौथीतली एक मुलगी फेरी संपल्यावर शाळेत आली. मी सगळ्यांसमोर तिला बोलले, "तुलाच कळायला हवं पाण्याचं महत्त्व." तिच्या परकराचा घेर ओला होता. डोक्यावरचे केस चुंबळीनं दाबून चपटे झाले होते. पहाटेपासून ती टँकरपाशी उभी होती आणि दोन खेपा टाकून धावत आली होती. ती काही बोलली नाही, जागेवर जाऊन बसली. हे मला दुपारी दुसऱ्या मुलीकडून कळलं. इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

तुझी शाळाही बालाघाटाच्या डोंगरातली. ज्या घरात दोन हंड्यांत दिवस निघतो, तिथल्या पोरांना पाणी वाचवायला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. भाजी धुतलेलं पाणी कुठं जातं, अंघोळीचं कुठल्या झाडाला जातं, हे ती आपल्याला शिकवतील. त्यांना द्यायचं ते वेगळं आहे. पाणी मोजायला शिकव. मोजता आलं की पोर प्रश्न विचारतं, आणि मोठ्यांना उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात हंड्यापासून कर. प्रत्येकाला घरचं रिकामं भांडं आणायला सांग: हंडा, कळशी, घागर, जे असेल ते. लिटरच्या बाटलीनं एकेक भरून किती लिटर बसतात ते फळ्यावर लिहा. मग पोषण आहाराच्या काट्यावर भरलेला हंडा ठेव. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळं. नंतर त्याच काट्यावर चौथीतली एखादी मुलगी उभी कर. पंचवीस किलोच्या आसपास भरेल. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं, असा आपल्या राज्याचा २०१५ चा शासन निर्णय आहे. हंड्यासाठी असा निर्णय नाही. हे तू सांगू नकोस, पोरं आपोआप बोलतील. मुलांनाही तो हंडा उचलून मैदानाला एक फेरी मारू दे. बहिणीच्या डोक्यावर रोज काय असतं ते एकदा त्यांच्याही मानेला कळू दे. पाणी मात्र सांडायचं नाही. प्रयोग संपला की ते झाडांना आणि जनावरांच्या हौदात. मार्चमध्ये पाण्याचे खेळ म्हणून बादल्या उपसायला लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तसं कधी करू नकोस.

गळका नळ असेल तर त्याखाली फुलपात्र ठेवून घड्याळ लावा. २०० मिलिलिटरचं फुलपात्र वीस मिनिटांत भरलं तर दिवसाला १४.४ लिटर होतात, जवळजवळ एक हंडाच.

आता मला सर्वांत आवडणारा प्रयोग. मोठ्या पातेल्यात लिंबाचं सरबत कर आणि दहा पोरांना दहा स्ट्रॉ दे. त्यातल्या सहा कापून आखूड कर, चार लांब ठेव. पातेलं हलवायचं नाही, स्ट्रॉ पातेल्याच्या काठापासून खाली ढकलायची नाही. सगळे एकदम ओढायला लागतात. थोड्याच वेळात आखूड स्ट्रॉवाले नुसती हवा ओढतात आणि लांब स्ट्रॉवाले पीतच राहतात. एकच गलका होतो. तो होऊ दे. मग शांतपणे विचार, "गावात कुणाची विहीर आधी आटली? शेजारी कुणी बोअर पाडलं होतं?" आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्याच्या पोटात पाणी मावतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात. पातेलं मुळातच लहान आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरवली. बोअर न घेण्याचा हा निर्णय मोठ्या माणसांना समजायला वर्षं लागतात. सरबताच्या पातेल्यापाशी बसलेल्या पोराला तो पाच मिनिटांत पटतो, कारण त्याच्या तोंडचा घोट गेलेला असतो.

गणिताच्या तासाला छप्पर घे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, एवढं एकच सूत्र पाठ करून घे. वर्गखोली सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. अशा दोन खोल्या म्हणजे ६० चौरस मीटर. ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३६,००० लिटर. पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं समजलं तरी २८,८०० उरतात. लिटरचा आकडा पोरांच्या डोळ्यांपुढे उभा राहणार नाही, म्हणून टँकरमध्ये सांग: बारा हजार लिटरचे जवळजवळ अडीच टँकर, तुमच्या शाळेच्या पत्र्यावरून ओढ्यात जातात. हा हिशेब पोरांनी मोठ्या कागदावर लिहावा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांनीच वाचावा. टाकी होईल न होईल, पण तुझ्या अर्जापेक्षा त्या कागदाला वजन जास्त असेल.

उतारावरचं मैदान आहे म्हणतेस ना, मग एका पातळीतली रेघ आखायला ए-फ्रेमही करा. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी, आणि शेंड्यावरून दगड बांधलेली सुतळी सोडायची. सुतळी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. एक पाय रोवून दुसरा फिरवायचा आणि प्रत्येक ठिकाणी फक्की टाकायची. रेघ सरळ जाईल असं पोरांना वाटतं; ती सापासारखी वळत जाते. त्या रेघेवर वीतभर खोल चर खणा. पहिल्या सरीनंतर पाणी त्यात थांबलेलं दिसलं की समतल चर म्हणजे काय हे व्याख्या न देता कळेल.

हे सगळं एका दिवसात कोंबू नकोस. मार्चमध्ये हंडा आणि सरबत पुरे. अधिकाऱ्यांना फेरीचे फोटो लागतील, ते काढून पाठव. मुलांचा वेळ मात्र त्यात घालवू नकोस.

पर्जन्यमापक मृगाच्या आधी तयार ठेव. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घे, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसव. तळ खोलगट असतो म्हणून खाली खडे टाकून पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भर. झाडापासून, पागोळीपासून लांब, उघड्यावर ठेव. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा. वहीत आकडा लिहायचं काम पाळीपाळीनं सगळ्यांना दे, रोज उशिरा येणाऱ्या मुलीला आधी. तिला उशीर का होतो ते मात्र तू एकटीनं, बाजूला घेऊन विचार.

पहिला पाऊस किती मिलिमीटर झाला ते त्याच दिवशी कळव. मी इथं माझ्या गच्चीवरचा लिहून ठेवते.

तुझी
आत्या