नकाशा मापाला आणताना

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात जुनी घरं पाडून किंवा वाढवून नवी करण्याचं काम बारा महिने चालू असतं. त्या घरांचे नकाशे माझ्याकडे नाना रूपांत येतात: पिवळा पडलेला कागद, मोबाइलवर काढलेला फोटो, कुणीतरी पुढे ढकललेली पीडीएफ. ते ऑटोकॅडमध्ये घेऊन खऱ्या मापाला आणणं हे आमचं पहिलं काम. इथे चूक राहिली तर कॉलम, जिना, खिडकी, सगळं त्या चुकीवरच उभं राहतं. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी जे आवर्जून सांगतो, ते असं.

१. आधी एकक विचारा.
इथे घरमालक प्लॉट गजात सांगतो, मिस्त्री फूट-इंचांत बोलतो आणि आम्ही मिलिमीटरमध्ये काढतो. ‘दो सौ गज’ म्हणजे २०० चौरस यार्ड: १,८०० चौरस फूट, सुमारे १६७ चौरस मीटर. कुणाची फाइल आली की मी आधी एक दार मोजतो. उत्तर ३६ आलं तर ती इंचांत आहे, ९०० च्या आसपास आलं तर मिलिमीटरमध्ये, ०.९ आलं तर मीटरमध्ये. इंचाचे मिलिमीटर करताना २५.४ ने आणि फुटाचे करताना ३०४.८ ने गुणायचं. सोयीसाठी २५ किंवा ३०० धरायचं नाही.

२. जुन्या नकाशाचं प्रमाण गृहीत धरू नका.
भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याआधीचे आणि नंतरचेही कितीतरी नकाशे ‘एक अष्टमांश इंचाला एक फूट’ या प्रमाणात आहेत. हे प्रमाण १:९६ होतं, १:१०० नव्हे. ते १:१०० समजून वाचलं, तर ३० फूट रुंदीचा प्लॉट ३१ फूट ३ इंच दिसतो. दिल्लीच्या दाटीत सवा फूट म्हणजे शेजाऱ्याशी भांडणाला आमंत्रण.

३. गुणक काढत बसू नका, रेफरन्स द्या.
स्केल कमांड घ्या, वस्तू निवडा, आधारबिंदू द्या, ‘आर’ टाइप करा, माहीत असलेल्या अंतराची दोन टोकं दाखवा आणि खरी लांबी लिहा. भागाकार सॉफ्टवेअर करतं आणि पूर्ण करतं. वरच्या उदाहरणाच्या उलट, १:१०० चा नकाशा १:९६ समजून घेतला असेल, तर दुरुस्तीचा गुणक १.०४१६६६… असा न संपणारा येतो. तो १.०४ लिहिला, तर ३० मीटरच्या भिंतीतून ४८ मिलिमीटर गळतात.

४. आधाराला सर्वांत लांब अंतर घ्या.
स्कॅनमधली रेघ जाड असते. टोक पकडताना १० मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. आधार ९०० मिलिमीटरचं दार असेल, तर ९ मीटरवर हीच चूक १०० मिलिमीटर होते. आधार १८ मीटरची बाजू असेल, तर तिथे ती ५ मिलिमीटरवर थांबते. म्हणून दार, टाइल, फर्निचर हे आधार नव्हेत; प्लॉटची अख्खी बाजू घ्या आणि ती स्वतः मोजा. मोजताना प्लास्टरही लक्षात ठेवा: नकाशात बहुधा विटेचा पृष्ठभाग असतो, टेप मात्र प्लास्टरला टेकते.

५. दुसरी दिशा आणि कर्ण तपासा.
स्केल कमांड सगळ्या दिशांना सारखंच वाढवते. कागद मात्र एका दिशेने जास्त आकसलेला असू शकतो आणि फोटो तर तिरकाच असतो. लांबी जुळली तरी रुंदी आणि कर्ण जुळेपर्यंत काम संपत नाही. शिकवताना मी जंतरमंतरचं उदाहरण देतो. सवाई जयसिंगांनी १७२४ साली दिल्लीत ही खगोलनिरीक्षणाची यंत्रं बांधली आणि वाचन सूक्ष्म यावं म्हणून ती मुद्दाम अवाढव्य केली. त्यांतल्या सम्राट यंत्राच्या, म्हणजे सूर्यघड्याळाच्या, तिरक्या भिंतीचा उतार दिल्लीच्या अक्षांशाइतका, सुमारे २८ अंश ३७ मिनिटांचा आहे. चित्र कितीही लहान-मोठं करा, प्रमाण बरोबर असेल तर हा कोन हलत नाही. उंची चार टक्क्यांनी ताणली गेली, तर तो जवळजवळ एक अंशाने वाढतो. असं ताणलेलं ड्रॉइंग ब्लॉक करून आडवा आणि उभा गुणक वेगळा देता येतो. तिरक्या फोटोला तो उपायही पुरत नाही, तिथे मापं घेऊन नव्यानेच काढावं.

६. प्रत्येक गोष्ट वाढवायची नसते.
खोली मोठी हवी म्हणून अख्खा नकाशा स्केल केला, तर नऊ इंची भिंतही जाड होते आणि पायरीही वाढते. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहत्या घरात पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. अशा वेळी स्ट्रेच वापरावं. शिवाय स्केलने लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं, हे अंदाजपत्रक करणाऱ्याला वेळेवर कळवावं.

७. छपाईत ‘फिट टू पेपर’ नको.
मॉडेलमध्ये घर खऱ्या आकाराचंच ठेवावं. लहान करायचं ते लेआउटच्या चौकटीत. ए१ चा ए३ केला की १:१०० चं नेमकं १:२०० होतं, पण ए२ केला तर १:१४१ असं अडनिडं प्रमाण येतं. म्हणून प्रत्येक कागदावर मोजपट्टी छापावी. लिहिलेलं प्रमाण झेरॉक्समध्ये खोटं ठरतं. पट्टी नकाशाबरोबरच आकसते.

८. आधार कागदावर नोंदवा.
कोणती बाजू मोजली, आतून की बाहेरून, प्लास्टरसकट की विटेची, कोणत्या तारखेला, हे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहावं. पुढचा माणूस त्यावरून आपलं काम पडताळू शकतो. सॉफ्टवेअर दिलेला आकडा काटेकोर पाळतं. तो खरा आहे का, हे ते विचारत नाही. ती जबाबदारी साइटवर टेप धरणाऱ्याची आहे आणि नकाशाची अचूकता त्याच्या मोजमापापुढे कधीच जात नाही.