दप्तर हलविताना घ्यावयाची काळजी

घर बदलताना शहाणा गृहस्थ सामान मोजून गाडीत भरतो आणि नव्या घरी मोजूनच उतरवून घेतो. संगणकावरील दप्तराचेही असेच आहे. या दप्तरास डेटाबेस म्हणतात. ते ज्या प्रणालीत ठेवलेले असते ती जुनी झाली, की सारे दप्तर नव्या प्रणालीत न्यावे लागते. हे काम कसे चालते आणि वाटेत काय हरवते, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. ज्यांच्या नावे शेत आहे त्या सर्वांशी त्याचा संबंध आहे.

आदिलाबाद जिल्ह्याला दप्तराचे स्थलांतर नवे नाही. निजामी अमलात ते उर्दूत होते. 1956 साली राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. 2016 साली एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. 29 ऑक्टोबर 2020 रोजी तेलंगणा सरकारने शेतजमिनीच्या नोंदींसाठी ‘धरणी’ सुरू केली आणि 14 एप्रिल 2025 रोजी तिच्या जागी ‘भू भारती’चा प्रारंभ झाला. जुन्या पहाणीत जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याचा रकाना होता. धरणीत तो राहिला नाही. नव्या घरात ज्या वस्तूला कोनाडाच नाही, ती तेथे पोहोचणार कशी? म्हणून काम आरंभण्यापूर्वी जुने व नवे रकाने समोरासमोर मांडून पाहावेत.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. जुनी प्रणाली आपले दप्तर साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून देते. एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, अशी तिची साधारण रचना असते. नवी प्रणाली ती फाईल वाचून आपल्या कोठारात भरते. नोंदी लाखांवर असतील तर गावागणिक तुकडे करावेत. म्हणजे एखादा तुकडा अडला तरी तेवढाच पुन्हा भरता येतो. शोधासाठी लागणारी सूची सर्व नोंदी भरल्यावर तयार करावी. आधी केल्यास प्रत्येक नोंदीबरोबर ती बदलावी लागते आणि फार वेळ जातो.

खरे धोके बारीक असतात. आपल्याकडे क्षेत्र एकर व गुंठ्यांत लिहितात, 2.20 म्हणजे 2 एकर 20 गुंठे, अर्थात 100 गुंठे. यंत्राने हा दशांश समजून शेवटचे शून्य गाळले, की 2.2 उरते. पुढे कोणी ते 2 एकर 2 गुंठे असे वाचले, तर 82 गुंठेच भरतात. 12/1 हा सर्व्हे नंबर एक्सेलमध्ये उघडला तर त्याची तारीख होऊन बसते. नावांचेही तसेच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत 11 बाइटांत मावते. देवनागरीत, यूटीएफ-8 पद्धतीने, त्याला 30 बाइट लागतात. रकाना 20 बाइटांचा असेल तर नाव अर्ध्यावर तुटते किंवा नोंदच नाकारली जाते.

मोठ्या फायलीचा आणखी एक धोका म्हणजे अपुरे भांडे. इंग्लंडमध्ये 2020 साली एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत 65,536 ओळींपेक्षा अधिक मावेना. त्यामुळे कोरोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. आजच्या एक्सेलची मर्यादाही 10,48,576 ओळींची आहे.

यावर उपाय ताळ्याचा. प्रत्येक गावाच्या नोंदी दोन्हीकडे मोजाव्यात. पण तेवढ्याने भागत नाही, वरील 2.20 ची चूक झाली तरी ओळींची संख्या बरोबरच भरते. म्हणून क्षेत्राचे गुंठे करून त्यांचीही दोन्हीकडे बेरीज घ्यावी. तेथे 18 गुंठ्यांची तूट लगेच दिसते. शिवाय काही नोंदी मूळ कागदाशी डोळ्यांनी पडताळाव्यात. ताळा जमेपर्यंत जुने दप्तर पुसू नये. त्यात नवी भर घालणे थांबवून ते केवळ वाचण्यासाठी ठेवावे.

आपल्या विश्वस्त संस्थेच्या सभासदांची व देणगीदारांची यादी नव्या संगणकावर नेतानाही हेच नियम लागू पडतात. आणि वाचकांना आमची विनंती अशी, की आपल्या शेताची नवी नोंद एकदा स्वतः पाहावी. नाव, सर्व्हे नंबर व क्षेत्र जुन्या पासबुकाशी ताडावे, आणि फरक आढळल्यास तहसील कचेरीत लेखी अर्ज द्यावा. जुन्या पहाणीच्या नकला रद्दीत घालू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांना कोणते शेत कोणाचे हे ठाऊक आहे, तोवरच हे काम उरकून घेणे श्रेयस्कर.