दीडशे किलोची गॅरंटी आणि माझ्या मांड्या

माझं वजन १३२ किलो, उंची साडेपाच फूट. हे दोन आकडे आधीच सांगून टाकतो, कारण गेमिंग चेअर घ्यायला निघालं की ते दुकानदाराला कळतात, डिलिव्हरीवाल्याला कळतात आणि शेवटी खुर्चीलाही कळतात. वजन कमी करायचं की नाही, हा माझा आणि माझ्या डॉक्टरांचा विषय. तोवर दिवसभराची घरूनची नोकरी आणि रात्री मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ एवढा वेळ टेकायला काहीतरी लागतंच. एका प्लास्टिकच्या खुर्चीत दुसरी घालून बसायचं, हा आपल्याकडच्या जाड माणसांचा परंपरागत उपाय. लग्नाच्या हॉलमध्ये तो चालून जातो. कॉम्प्युटरसमोर तासाभरात कंबर धरते.

मी ऑनलाइन मागवलेल्या गेमिंग चेअरच्या खोक्यावर ‘१५० किलो’ असं ठसठशीत छापलेलं होतं. ते खोटंही नव्हतं, बसल्याबरोबर काही मोडलं नाही. पण तो आकडा खुर्ची तुम्हाला पेलेल एवढंच सांगतो. तुम्ही तिच्यात मावाल की नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. मी उठलो की खुर्ची मांड्यांना धरून पाऊलभर माझ्यामागे यायची. बायको म्हणायची, “अरे, तिला तरी इथेच राहू दे.”

याचं कारण सीटच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या कडा, म्हणजे पंख. गेमिंग चेअरचा हा तोंडवळा शर्यतीच्या गाडीवरून आलाय. कारच्या सीट बनवणाऱ्या डीएक्सरेसर कंपनीने २००६मध्ये गेमर लोकांसाठी खुर्ची काढली आणि पुढे बहुतेकांनी तोच साचा उचलला. गाडी भरधाव वळते तेव्हा ड्रायव्हर बाजूला फेकला जाऊ नये म्हणून त्या सीटला पंख असतात. आमच्या कल्याणच्या दोन खोल्यांत असं वळण कुठून येणार? बारीक माणसाला त्या पंखांचा त्रास नाही, तो मधे आरामात बसतो. आपण मात्र पंखांवरच बसतो. वरून ते फोमचे दिसतात, पण अंगठ्याने जोर देऊन दाबून बघा, आत लोखंडी नळी लागते. ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला रुतते आणि दोन गेम होईस्तोवर मुंग्या यायला लागतात.

जाहिरातीतली मेख इथेच आहे. ‘सीटची रुंदी ५४ सेंमी’ असं लिहितात ती पंखांसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या खुर्चीचा मधला सपाट भाग टेप लावून मोजला तर ३६ सेंमी भरला. त्यामुळे विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: पंख सोडून सपाट भाग किती? उत्तर आलं नाही, तर फोटोवर भुलायचं नाही. पंख नसलेल्या, सरळ सपाट सीटच्या गेमिंग चेअर आता मिळतात, जाड माणसाने पहिल्यांदा त्याच बघाव्यात.

पण त्याआधी स्वतःचं माप घ्या, आणि ते बसून घ्या. उभं राहून पॅन्टच्या मापाने अंदाज बांधू नका, बसल्यावर माणूस पसरतो. पद्धत सोपी आहे. टणक स्टुलावर किंवा बाकावर बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. घरातल्या कुणाला तरी दोन जाडजूड पुस्तकं दोन्ही बाजूंनी मांड्या-नितंबांना उभी टेकवायला सांगायचं, नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. मग त्या दोन पुस्तकांमधलं अंतर मोजायचं. माझं ४७ सेंमी आलं. त्यात दोन्हीकडची मोकळीक धरली तर मला निदान ५२ सेंमीची सपाट सीट हवी. दुसरं माप पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं. सीटची पुढची कड आणि ती खोबण यांच्यात दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. तिसरं माप तळपायापासून त्याच खोबणीपर्यंत, म्हणजे सीट जमिनीपासून किती उंच चालेल ते कळतं. हे तिसरं माप लोक सोडून देतात आणि पुढे तेच महागात पडतं.

कसं ते सांगतो. परदेशी कंपन्यांच्या मनात जाड माणूस म्हणजे उंच माणूस. सीक्रेटलॅबच्या टायटन इव्होचं उदाहरण घ्या. खुर्ची दणकट, तिचा एक्सएल आकार १८० किलोपर्यंत चालतो असं कंपनीच सांगते. पण तोच आकार ती १८१ ते २०५ सेंमी उंचीच्या लोकांसाठी सुचवते. म्हणजे जवळजवळ सहा फूट आणि त्याहून वर. वजनाने मी एक्सएल, उंचीने दोन आकार खाली. आपल्याकडची बरीच जाड माणसं माझ्यासारखीच, आडवी वाढलेली. अशा खुर्चीत बसलं की टाचा अधांतरी राहतात, सगळा भार मांडीखाली येतो आणि मानेची उशी डोक्याच्या वर जाते. अशा वेळी पायाखाली फूटरेस्ट घ्यावा, नाहीतर कमी लांबीचं सिलिंडर बसवून मिळतं का ते खरेदीआधीच विचारावं. ऑफिस-खुर्च्या दुरुस्त करणारे हे काम करून देतात.

सिलिंडर म्हणजे आपण ज्याला सर्रास हायड्रॉलिक म्हणतो ते. आत तेलाचा नाही, दाबाखालच्या नायट्रोजन वायूचा जोर असतो. ‘क्लास ४’ असा शिक्का असलेलं सिलिंडर घ्या, जाड माणसाने त्याच्या खालचं बघूच नये. मात्र ‘क्लास ४ सिलिंडर’ एवढ्यावर खुर्चीच भक्कम आहे असं समजू नका. सिलिंडर वर एका पत्र्यात आणि खाली पाच पायांच्या बेसमध्ये अडकवलेलं असतं, आणि मोडतं ते बहुधा यांपैकी काहीतरी. बेस नायलॉनचा नको, ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी हवा. खुर्ची उलटी करून सीटखालचा पत्रा बघा. तो हाताने दाबून लवत असेल, तर खुर्ची परत सुलटी करून ठेवा आणि दुकानातून निघा. हायड्रॉलिक बसलं, म्हणजे खुर्ची हळूहळू खाली यायला लागली, तर सिलिंडर बदलून घ्या. ते घरी कापायच्या, खोलायच्या भानगडीत पडू नका, आतला दाब चेष्टा नाही.

वजनाच्या आकड्याबद्दल थोडं खोलात. कुणी किती लिहावं यावर बंधन दिसत नाही, त्यामुळे कोणत्या चाचणीवर तो आकडा दिलाय हे विचारायचं. युरोपात ऑफिसच्या खुर्च्यांसाठी ईएन १३३५ हे मानक आहे. त्यात ११० किलोचा माणूस दिवसाला आठ तास बसेल असं धरलंय. अमेरिकेतल्या बिफ्मा या फर्निचर उत्पादकांच्या संघटनेच्या नेहमीच्या खुर्च्यांच्या मानकात, एक्स ५.१मध्ये, सुमारे १२५ किलोपर्यंतचा माणूस धरतात. त्याच बिफ्माचं एक्स ५.११ हे मानक खास जाड माणसांसाठी आहे, सुमारे १८१ किलोपर्यंत. आपल्याकडे जाहिरातीत नुसतं ‘बिफ्मा’ लिहिलेलं असतं. ५.१ की ५.११, हे विचारलं की पलीकडे शांतता पसरते. आणि माणूस खुर्चीवर फुलासारखा टेकत नाही. मॅच हरल्यावर तो धाडकन आदळतो, तेव्हा खुर्चीला बसणारा दणका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून आपल्या वजनाच्या वर निदान वीस-पंचवीस किलोंची फट ठेवायची.

माझ्या खुर्चीने मान टाकली ती मात्र वजनाने नाही, पाठ मागे पाडण्याच्या सोयीने. १८० अंशांत झोपता येतं, हे या खुर्च्यांचं मोठं आकर्षण. दोन मॅचच्या मधे मी पाठ मागे टाकून पडायचो. हळूहळू पाठ डावीकडे कलायला लागली, मग कुरकुर सुरू झाली, आणि एका रात्री डावी बाजू खळकन खाली गेली. मी वाचलो, हेडफोन गेला. विकणाऱ्याने ‘वापरातली झीज’ म्हणून हात वर केले. शेवटी खुर्ची आमच्या इथल्या दुरुस्तीवाल्या मामांकडे नेली. त्यांनी ती आडवी पाडली, दोन्ही बाजूंची काळी प्लास्टिकची झाकणं काढली आणि मला खाली वाकायला लावलं.

“हे बघा दादा. उजवीकडे दातेरी चकती आहे, खटका तिच्यात अडकतो. डावीकडे काय दिसतंय?”

डावीकडे एक बोल्ट आणि साधी बिजागरी होती.

“म्हणजे पाठीचा सगळा भार हा एकटा उजवा उचलणार. डावा नुसता हजेरीला. हलक्या माणसाला चालतं. तुम्ही टेकलात की पाठ पिळते.”

हे मला कुठल्याच जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं. तुम्ही बघायचं असेल तर झाकण काढायचीही गरज नाही. पाठ सरळ लॉक करा, मागे उभं राहा आणि पाठीचा वरचा डावा कोपरा धरून मागे-पुढे हलवा, मग उजवा. डावा जास्त हलत असेल तर समजून जा. शक्यतो दोन्हीकडे दातेरी चकती असलेली खुर्ची घ्या. आणि खरं सांगू का, झोपायला घरात पलंग असतो. १८० अंशांच्या नादाने पैसे घालवू नका. आपलं वजन मागे गेलं की खुर्ची उलटायचीही भीती असते.

कमरेची उशी आपल्यासाठी नसते. आपला बसण्याचा भाग मागेही पसरलेला असतो, त्यात उशी कमरेला ढकलते आणि आपण सीटच्या पुढच्या कडेवर येतो. पाठीच्या खालच्या बाजूला, सीटलगत मोकळी जागा असलेली खुर्ची सगळ्यात सुखाची. हात ठेवायच्या दांड्या बाहेर सरकवता आल्या पाहिजेत, नाहीतर त्या पोटाच्या कडेला टोचतात. फोम साच्यात घातलेला अखंड घ्या, कापून चिकटवलेला लवकर बसतो. रेक्झिनसारखं कव्हर मुंबई-कोकणच्या दमट हवेत पापुद्रे सोडतं आणि घामाने चिकटतं, त्यापेक्षा कापडी किंवा जाळीचं बरं.

बजेट तंग असेल तर एक रस्ता सांगतो, गेमर मंडळी नाक मुरडतील. ओशिवरा किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जा आणि जुन्या ऑफिस-खुर्च्या विचारा. कंपन्यांची ऑफिसं बंद होतात, जागा बदलतात, तेव्हा चांगल्या बनावटीच्या खुर्च्या असल्या बाजारांत येतात. हर्मन मिलरची एरॉन नजरेला पडली, तर पाठीच्या वरच्या कडेवर मागून बोट फिरवा. तिथे उंचवट्याचे ठिपके लागतात: एक ठिपका म्हणजे लहान, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे मोठी. आपल्याला तीन ठिपक्यांची. रंगीत दिवे नसतील, पण पंखही नसतील. घेण्याआधी तिथेच अर्धा तास ठाण मांडून बसा, दुकानदार वैतागला तरी चालेल.

ऑनलाइनच घ्यायची झाली तर परत पाठवण्याची मुदत आणि वॉरंटीतली वजनाची अट आधी वाचा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि मुदत संपेपर्यंत खोकं माळ्यावर राहू द्या. खोक्याशिवाय परत घेत नाहीत. विकणारा दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ‘१५० किलो’ लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ असला की तक्रारीला वजन येतं. जाहिरात नंतर बदलते, म्हणून तो ऑर्डर करतानाच काढायचा.

खुर्ची घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांनी खालचे सगळे बोल्ट आवळा. आपल्या वजनाला ते लवकर ढिले होतात, आणि ढिल्या बोल्टवर बसत राहिलं की भोक मोठं होतं, मग आवळूनही उपयोग नाही. त्यासाठीची वाकडी चावी खोक्यातच येते आणि पंधरा दिवसांत हरवते. ती चिकटपट्टीने सीटच्या खालच्या बाजूला चिकटवून टाका.