मामाचा रेकॉर्डर का रुसला?

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी. त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द जास्त आले तर मराठीच्या मॅडमनी लाल पेन जरा बाजूला ठेवावं!

गोष्ट अशी. माझा मामा गेली वीस वर्षं अमेरिकेत आहे. त्याच्या टीव्हीखाली एक काळा डबा आहे. नाव टिवो रोमिओ, २०१३ साली निघालेलं मॉडेल. हा डबा केबलवरचे चार कार्यक्रम एकाच वेळी स्वतःच्या हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करतो. दिवसभराचं रात्री जेवताना बघायचं, हा त्यांच्या घरचा नेमच. पण गेल्या वर्षी त्यातून एकेक चॅनेल गायब व्हायला लागलं. मामाने डबा बंद-चालू केला, वायर बदलली आणि शेवटी मला व्हिडिओ कॉल लावला, "काय गं इंजिनीअर, बघ जरा काय बिघडलंय!"

मी दोन रात्री वाचून काढलं. निष्कर्ष? डब्यात काहीच बिघडलेलं नाही! मग चॅनेल का जातात? हॉस्टेलवाल्यांना समजेल अशा भाषेत, म्हणजे जेवणाच्या भाषेत सांगते.

१) बुफे : जुन्या पद्धतीत सगळे चॅनेल सगळ्या घरांत एकदमच येतात. अमेरिकेत केबलमध्ये ६ मेगाहर्ट्झचे कप्पे असतात. एका कप्प्यातून २५६-क्वाम मॉड्युलेशनने सेकंदाला सुमारे ३८.८ मेगाबिट जातात, म्हणजे जुन्या एमपेग-२ पद्धतीचे दोन-तीन एचडी चॅनेल. (क्वामच्या लेक्चरला मी झोपले होते, ते असं अंगाशी आलं.) रेकॉर्डरचा ट्यूनर हवा तो कप्पा पकडतो. पण चॅनेल कुलूपबंद असतात, त्यांची किल्ली म्हणजे केबलकार्ड. ग्राहकाला केबल कंपनीचाच डबा भाड्याने घ्यावा लागू नये, बाजारातला घेता यावा, अशी तरतूद तिथल्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यात झाली. त्यातूनच २००४ पासून हे कार्ड मिळू लागलं.

२) ऑर्डर : पुढे कंपन्यांनी ठरवलं की कमी बघितले जाणारे चॅनेल कोणी मागितले तरच त्या भागात सोडायचे. पण केबलकार्डवाला डबा फक्त ऐकतो, बोलत नाही. ऑर्डर कशी देणार? म्हणून त्याला यूएसबीने एक ॲडॅप्टर जोडावा लागला.

३) पार्सल : आता चॅनेल इंटरनेटच्या पॅकेट्समधून येतात. वायर तीच, पण माल मोडेममधून येतो आणि त्यावर घेणाऱ्याचा पत्ता असतो. कप्प्यात चॅनेलच नाही म्हटल्यावर बिचारा ट्यूनर काय पकडणार? कंपनीची बाजूही समजून घ्या. कोणी बघो न बघो, बुफेतला चॅनेल जागा अडवतोच. ती मोकळी झाली की इंटरनेटचा वेग वाढवता येतो.

तुम्ही म्हणाल, टिवोला तर इंटरनेटचं पोर्ट आहे, त्यावर नेटफ्लिक्स चालतं, मग हेच का नाही? अगदी बरोबर! मलाही इथेच अडलं होतं. पॅकेट्स घ्यायची ताकद डब्यात आहे, पण या नव्या कुलपाची किल्ली कंपनीच्या स्वतःच्या डब्यात नाहीतर ॲपमध्येच असते. केबलकार्ड तिथे चालत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीसी या तिथल्या नियामक संस्थेने केबलकार्डचे नियमही काढून टाकले. आणि २०२५ मध्ये टिवोने रेकॉर्डर विकणंच थांबवलं.

आता कंपन्या म्हणतात, रेकॉर्डिंग आमच्या सर्व्हरवर ठेवा. सोय आहेच. डिस्क उडायची भीती नाही, मोबाईलवरही बघता येतं. पण नियम त्यांचे. उदाहरणार्थ, यूट्यूब टीव्हीवरचं रेकॉर्डिंग ९ महिन्यांनी जातं. नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं बेकायदेशीर नाही, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये बीटामॅक्स खटल्यात दिला होता. तो हक्क गेलेला नाही, पण तो वापरायला लागणारं यंत्र मात्र हातातून चाललंय.

मामाची खरी काळजी वेगळीच होती. माझी मामेबहीण सात वर्षांची असताना तिथल्या गणेशोत्सवातलं तिचं लेझीम लोकल चॅनेलच्या बातम्यांत दिसलं होतं. पाचच सेकंद! ते फक्त या डिस्कवर होतं, आणि डिस्क दुसऱ्या डब्यात चालत नाही. नशीब असं की प्रत्येक कार्यक्रमाबरोबर कॉपीच्या परवानगीची खूण येते, आणि हवेतून प्रसारण करणाऱ्या त्या लोकल चॅनेलच्या कार्यक्रमावर कॉपीबंदी नव्हती. घरच्या नेटवर्कवरून ती क्लिप कॉम्प्युटरवर घेतली. मामीने जपलेले केबलवरचे कार्यक्रम मात्र 'एकदाच कॉपी'वाले, ते डब्यातच अडकले. डबा गेला की तेही जाणार.

शेवटी मामाने केबल काढून अँटेना जोडला. या मॉडेलला तो चालतो. मोजकेच चॅनेल येतात, पण फुकट आणि किल्लीशिवाय. रुसलेला रेकॉर्डर पुन्हा कामाला लागला.

यातून मी काय शिकले? आपण सर्किट घासूनपुसून शिकतो, पण यंत्र किती वर्षं जगणार हे नुसत्या सर्किटवर ठरत नाही. बाहेरच्या जगाशी बोलायची पद्धत सगळ्यांसाठी खुली आहे का, आणि किल्ली कोणाकडे आहे, यावरही ठरतं. उद्या आपणच असे डबे बनवणार आहोत. तेव्हा डिझाइन करताना कोणाच्या तरी मामाची आठवण ठेवा!

आणि हो, घरच्यांचं काही एकाच डब्यात अडकलं असेल, तर या सुट्टीत आधी त्याची कॉपी काढा. सबमिशन काय, होतच राहतात.