सातवा पहारा

पूर्वी शिडाच्या जहाजांचा प्रवास महिनोन्‌महिने चाले. वाऱ्यावर आणि सुकाणूवर अहोरात्र लक्ष ठेवावे लागे. म्हणून खलाशांच्या दोन तुकड्या करीत. एक तुकडी ४ तास पहाऱ्यावर असे, तेव्हा दुसरी विश्रांती घेई.

मुलांनो, आता हिशेब करून पाहा. २४ तासांत असे ६ पहारे होतात. ६ ही सम संख्या. त्यामुळे आज मध्यरात्री जी तुकडी उठली, तीच उद्याही उठणार आणि परवाही! काळोख, गारठा आणि पेंग कायमची तिच्याच माथी. मग तिच्या मनात असंतोष वाढला, तर नवल ते काय?

इंग्रजी जहाजांवर यासाठी एक साधी युक्ती रूढ झाली. सायंकाळी ४ ते ८ हा पहारा दोन-दोन तासांत विभागला. पहारे ७ झाले. ७ ही विषम संख्या असल्याने मध्यरात्रीची पाळी रोज आपोआप बदलू लागली. कप्तानाची मर्जी सांभाळण्याचे कारण उरले नाही.

आजही कारखान्यांत, रुग्णालयांत आणि रेल्वेत कोणाला तरी रात्री जागावेच लागते. ते कष्ट टळत नाहीत. पण आळीपाळीने वाटून घेतले, तर ते कोणा एकावर अन्याय ठरत नाहीत.

स्वाध्याय : तुमच्या वर्गातील कोणते काम नेहमी त्याच मुलांच्या वाट्याला येते? त्याच्या पाळ्या कशा लावाल?