भाडे देणारा पाहुणा आणि जबाबदारीचा विमा



ऊस विकास विभागाच्या पानावर विम्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. गट बैठकीत लागणीच्या तारखा आणि बेण्याची चौकशी संपली की अलीकडे आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, मळ्यातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, हुरड्याला पुण्या-मुंबईची माणसं येतात. काही झालं तर?" त्या 'काही झालं तर'चा विचार आम्ही येथे करीत आहोत.

भाडे घेतले की पाहुणा हा कायद्याने ग्राहक होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल त्याला तक्रार करता येते, आणि तीही तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे. म्हणजे कठडा मोडला आपल्या मळ्यात, आणि तारखा पुण्याला नाहीतर ठाण्याला.

परदेशात काही शहरांनी यावर आपापले नियम केले आहेत. राहत्या घरातील खोली चार-आठ दिवसांसाठी देण्याचा धंदा इंटरनेटवरून वाढला, तेव्हा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१५ पासून अशा घरमालकांना नोंदणी सक्तीची केली आणि किमान ५ लाख डॉलरच्या जबाबदारीच्या विम्याची अट घातली. डेन्व्हर शहराने हाच आकडा १० लाख डॉलर ठेवला. नॅशव्हिलमध्येही दर घटनेमागे १० लाख. पहिल्या दोन शहरांत एक सवलत आहे : बुकिंग करून देणारी कंपनी तेवढेच संरक्षण देत असेल तर मालकाने वेगळा विमा काढला नाही तरी चालते. अर्थात फोन करून परस्पर आलेल्या गिऱ्हाइकाला ते लागू होत नाही. हे आकडे रुपयांत करून कोणी छाती दडपून घेऊ नये. तिकडचा दवाखाना आणि कोर्ट दोन्ही महाग. परवाना आणि विमा त्यांनी एकाच गाडीला जुंपले, एवढे आपण पाहावे.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते आणि ती अवश्य करावी. पण नोंदणीचा कागद म्हणजे विमा नव्हे. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा भोपाळच्या दुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी झाला. आपल्या खोल्यांशी त्याचा संबंध नाही.

"घराचा विमा आहे की," असे काही सभासद म्हणतात. २०२१ पासून मिळणारी भारत गृह रक्षा पॉलिसी आग, पूर, वीज, भूकंप यांनी घराचे व सामानाचे झालेले नुकसान भरते. पाहुण्याचा पाय मोडला तर त्याची भरपाई तीत नाही. शिवाय ती राहत्या घरासाठी आहे. खोल्या भाड्याने देतो हे कंपनीला लेखी कळवले नसेल, तर उद्या घराचा दावासुद्धा अडकेल.

सर्वांत मोठी भीती आम्हाला ट्रॅक्टरची वाटते. शहरातल्या मुलांना ट्रॉलीत बसवून शिवारफेरी घडवायची हौस सगळ्यांना असते. ट्रॅक्टरला सीट एकच, ती ड्रायव्हरची. थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला आहे. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्याला नाही. २००७ साली मातीच्या ट्रॉलीवरून पडलेल्या एका मजुराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. कंपनी जबाबदार नाही असेच ठरले. मजूर गरीब म्हणून कंपनीने त्याला आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम झाला. शेवटी खिसा मालकाचाच! तेव्हा शिवारफेरी पायी करावी, हे आमचे स्पष्ट मत.

विमा कंपन्यांकडे बिगर-औद्योगिक पब्लिक लायबिलिटी पॉलिसी मिळते. तीत दोन आकडे असतात : एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात एकूण किती. दोन्ही पाहून घ्यावेत. जेवणातून विषबाधा आणि पोहण्याची जागा यांसाठी बहुधा वेगळा हप्ता भरून कलम जोडावे लागते. एजंट आपणहून सांगेलच असे नाही. कामावरची बाई किंवा गडी यांचा अपघात या पॉलिसीत येत नाही, त्यांच्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी निराळी.

शेततळ्याचे मात्र विम्यावर सोडू नये. प्लॅस्टिक कागदावर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. भोवती कुंपण, दाराला कुलूप आणि चारी बाजूंनी आत सोडलेला गाठींचा दोर एवढे हवेच. विहिरीला कठडा आणि मोटारीच्या उघड्या वायरी झाकणे हेही त्यातच आले.

ज्यांनी पॉलिसी घेतली आहे त्यांनी तिची पूर्ण प्रत, नुसती पावती नव्हे, गट ऑफिसात आणावी. काय आत आहे आणि काय वगळले आहे ते बसून वाचू.